‘आम्ही’ आणि ‘आपण’ : खेळाडूंच्या नवलगीतांतील सर्वनामविचार

भारताच्या संघाने क्रिकेटचा सामना जिंकला की मराठी माणूस शेजाऱ्याला सांगतो, “आपण जिंकलो.” त्याच सामन्यातील एखादा मराठी खेळाडू वार्ताहरापुढे बोलू लागला तर तो म्हणतो, “आम्ही चांगले खेळलो.” ही दोन सर्वनामे परस्परांच्या जागी घालून पाहावीत. शेजाऱ्यापाशी “आम्ही जिंकलो” असे म्हणणारा मनुष्य एक तर स्वतः संघात होता, नाही तर तो शेजाऱ्यास परका मानतो, असा अर्थ निघू लागेल. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही पोटात घेणारे ‘आपण’ हे श्रोतृसमावेशक सर्वनाम, आणि ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ हे श्रोतृव्यावर्तक सर्वनाम, हा भेद मराठी बोलणारे मूलही न शिकविता पाळते. या लहानशा भेदाच्या आधारे एका उपेक्षित गीतप्रकाराचे परीक्षण करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रकार म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली गमतीची गाणी होत.

१. व्याप्ती

इंग्रजी ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात ज्या गाण्याचे आकर्षण संगीतापेक्षा काही विलक्षण कल्पनेत असते त्याला ‘नॉव्हेल्टी साँग’ म्हणतात. आपण त्यास ‘नवलगीत’ म्हणू. खेळाडूंविषयी इतरांनी गायिलेली गाणी येथे विचारात घेतलेली नाहीत. १९५० साली लॉर्ड्सच्या मैदानावर वेस्ट इंडीजने इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला, त्याचे लॉर्ड बिगिनर याने रचलेले कॅलिप्सो प्रसिद्ध आहे. परंतु तो गायक होता, खेळाडू नव्हे. येथे विचार करावयाचा तो ज्यांचा धंदा खेळणे हा होता, आणि ज्यांनी गाण्याची कोणतीही तालीम न घेता तबकडीसाठी तोंड उघडले, त्यांचा.

अशांची संख्या थोडी नाही. मुष्टियोद्धा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, याची तबकडी १९६३ साली निघाली. जर्मन फुटबॉलपटू फ्रान्झ बेकेनबाउअर १९६६ साली गायिला. १९७० साली इंग्लंडच्या संपूर्ण विश्वचषक-संघाने एक गाणे म्हटले व ते ब्रिटनच्या विक्रीयादीत तीन आठवडे पहिल्या स्थानी राहिले. १९७४ साली पश्चिम जर्मनीच्या संघाने तोच मार्ग धरला. १९८५ साली शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल-संघाने या प्रकाराला जगभर ख्याती मिळवून दिली.

संगीताच्या दृष्टीने यांतील बहुतेक गाणी सामान्य आहेत, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. परंतु भाषेच्या अभ्यासकापुढचा प्रश्न निराळा आहे. काही गाणी पन्नास वर्षांनंतरही हजारो प्रेक्षक मैदानावर म्हणतात, तर तितकीच किंवा त्यांहून अधिक गाजलेली गाणी केवळ तबकडी म्हणूनच आठवणीत राहतात. असे का व्हावे?

२. रचणारा, उच्चारणारा आणि उत्तरदायी

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘वक्ता’ या एका शब्दात दडलेल्या तीन भूमिका वेगळ्या करून दाखविल्या आहेत. शब्द प्रत्यक्ष उच्चारणारा एक. शब्द रचणारा दुसरा. आणि त्या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या भूमिकेची जबाबदारी ज्याच्यावर येते तो तिसरा. नित्याच्या संभाषणात हे तिघेही एकाच देहात नांदतात. वकील अशिलाच्या वतीने बोलतो, पुरोहित यजमानाकडून संकल्प म्हणवून घेतो, तेव्हा ते विलग होतात.

व्यावसायिक गायकाच्या बाबतीत उत्तरदायित्व फारच पातळ असते. त्याने विरहाचे गाणे म्हटले म्हणून त्याला विरह झाला आहे असे कोणी समजत नाही. खेळाडूच्या नवलगीतात याच्या उलट घडते. शब्द बहुधा धंदेवाईक गीतकाराचे असतात, परंतु उच्चारणारा आणि उत्तरदायी हे दोघे एकच असतात. ‘विजय मिळवू’ असे तो गातो तेव्हा विजय मिळविण्याचे कामही त्यालाच करावयाचे असते. म्हणूनच त्याचा सूर ढळला तरी श्रोता रागावत नाही. किंबहुना सूर थोडा ढळावा अशीच त्याची अपेक्षा असते, कारण ढळलेला सूर हाच ‘बोलतो आहे तो खरोखरीच तो खेळाडू’ याचा पुरावा ठरतो.

मराठीतील एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सुनील गावसकर यांनी शान्ताराम नांदगावकर यांची शब्दरचना असलेले एक मराठी गीत ध्वनिमुद्रित केले आहे. क्रिकेटच्या सामन्यावर मानवी जीवनाचे रूपक करणारे हे गाणे महाराष्ट्रात चांगलेच लोकप्रिय झाले. रूपकाची ही जात आपल्याकडे जुनीच आहे. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हुतूतू, चेंडूफळी अशा खेळांवर अभंग आहेत, आणि ‘डाव साधणे’, ‘डाव मोडणे’, ‘चीत करणे’ हे वाक्प्रयोग खेळाच्या आखाड्यातूनच संसारात आले आहेत. तेच शब्द एखाद्या कसलेल्या गायकाने म्हटले असते तर ते सुबक रूपक झाले असते. परंतु १९७१ पासून कसोटी सामन्यांत डावाची सुरुवात करणाऱ्या आणि १९८७ साली कसोटीतील दहा हजार धावांचा टप्पा जगात प्रथम गाठणाऱ्या फलंदाजाने ते म्हटले, की त्यांना साक्षीचे स्वरूप येते. आपल्या परंपरेत ज्याला ‘अधिकार’ म्हणतात तो येथे गळ्याचा नसून जगण्याचा आहे.

३. इंग्रजी ‘वुई’ची संदिग्धता

आता सर्वनामाकडे वळू. समावेशक व व्यावर्तक हा भेद मराठीप्रमाणेच गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांतही आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वुई’ यांत तो नाही. परंतु शब्द एकच असला तरी अर्थ दोन असतातच. पापुआ न्यू गिनीतील टोक पिसिन ही भाषा मुख्यतः इंग्रजी शब्दांच्या सामग्रीवर उभी राहिली. तिनेही ‘युमी’ आणि ‘मिपेला’ अशी दोन निराळी सर्वनामे घडविली, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. म्हणून इंग्रजी क्रीडागीतांतील प्रत्येक ‘वुई’पाशी थांबून, ‘याचे मराठी रूपांतर करावयाचे झाल्यास आम्ही म्हणावे की आपण?’ असा प्रश्न विचारता येतो. ही कसोटी अत्यंत साधी असली तरी फलदायी आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मराठीतील ‘आपण’ हा शब्द नेहमीच समावेशक नसतो. तो आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे, स्ववाचकही आहे. आणि मुंबईच्या बोलीत “आपण कोणाला भीत नाही” असे एखादा तरुण म्हणतो तेव्हा त्या ‘आपण’चा अर्थ केवळ ‘मी’ एवढाच असतो. तेव्हा केवळ शब्दाकडे न पाहता, ‘हे वाक्य ऐकणाऱ्याला स्वतःचे म्हणून उच्चारता येईल काय?’ याकडे पाहावयाचे आहे.

४. ‘मी’ आणि ‘आम्ही’ची गाणी

पहिला वर्ग फुशारकीच्या गाण्यांचा. अलीने १९६३ च्या तबकडीत मुख्यतः यमकबद्ध पद्यातून स्वतःची थोरवी गायिली व सॉनी लिस्टनच्या पराभवाचे भाकीत केले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी ते खरे ठरले. या रचनेतील ‘मी’ दुसऱ्या कोणासही घेता येण्यासारखा नाही.

शिकागो बेअर्स संघाचे ‘सुपर बोल शफल’ हे गीत याच घराण्यातले आहे. दहा खेळाडू एकामागून एक पुढे येतात, आपले नाव सांगतात आणि यमकात आपली बढाई मारतात. आपल्या अभंगात किंवा पोवाड्यात कवीची नाममुद्रा शेवटी येते व ती रचनेचे स्वामित्व सांगते. येथे नाव आरंभीच येते व ते केवळ आवाजाचे स्वामित्व सांगते. २ डिसेंबर १९८५ रोजी मायामीच्या संघाने बेअर्सना ३८–२४ असे हरविले. त्या हंगामातील त्यांचा हा एकमेव पराभव. चित्रफितीचे काम नेमके दुसऱ्याच दिवशी ठरलेले होते, आणि आदल्या रात्री हरलेल्या खेळाडूंना अजिंक्यपदाची बढाई कॅमेऱ्यापुढे मारावी लागली! पुढे २६ जानेवारी १९८६ रोजी त्यांनी अंतिम सामना ४६–१० असा जिंकला. गाण्याला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकनही मिळाले. ध्रुवपदात ‘वुई’ आहे, परंतु तो त्या चमूपुरताच, म्हणजे मराठीत निखळ ‘आम्ही’. शिकागोत हे गीत आजही प्रेमाने आठवले जाते. मात्र ते त्या एका वर्षाच्या संघाचे स्मारक म्हणून.

लिव्हरपूल संघाचे १९८८ चे ‘ॲनफील्ड रॅप’ भाषाशास्त्रज्ञाला विशेष मोलाचे वाटावे असे आहे, कारण त्याचा विषयच उच्चारभेद हा आहे. लिव्हरपूलच्या परिसरातच जन्मलेले जॉन ऑल्ड्रिज आणि स्टीव्ह मॅकमान हे दोघे, संघातील इतरांना आपल्यासारखे बोलता येत नाही म्हणून त्यांची थट्टा करतात. ते इतर म्हणजे जमैकात जन्मलेला जॉन बार्न्स, ऑस्ट्रेलियात वाढलेला क्रेग जॉन्स्टन, झिंबाब्वेचा ब्रूस ग्रॉबेलार आणि डेन्मार्कहून येऊन लिव्हरपुली धाटणीने इंग्रजी बोलू लागलेला यान मोल्बी. अशा रीतीने बोलीचा अभिमान आणि परक्यांचा स्वीकार ही दोन्ही एका विनोदात सामावली आहेत. गाणे विक्रीयादीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. परंतु १४ मे रोजी चषकाचा अंतिम सामना विंबल्डनने १–० असा जिंकला, आणि लिव्हरपूलला मिळालेला पेनल्टीचा फटका वाया घालविणारा खेळाडू ऑल्ड्रिजच होता.

ऑस्टिन या तत्त्ववेत्त्याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत, काही उक्ती वर्णन करीत नाहीत तर कृतीच करतात, असे दाखविले. वचन देणे हे त्याचे ठळक उदाहरण. खेळाडूचे गाणे सामन्यापूर्वी निघत असल्याने ते बहुधा वचन किंवा भाकीत असते, आणि तबकडीवरील वचन मागे घेता येत नाही. ‘मी’ आणि ‘आम्ही’च्या गाण्यांचे भवितव्य म्हणूनच निकालाशी बांधलेले राहते. जिंकल्यास ते स्मारक होते. हरल्यास केवळ गंमत उरते.

५. ‘तिकडे घरी’

‘आम्ही’चा आणखी एक नाजूक प्रकार इंग्लंडच्या १९७० च्या गाण्यात आढळतो. बिल मार्टिन व फिल कोल्टर यांनी रचलेल्या या गीताचे नाव ‘बॅक होम’, म्हणजे ‘तिकडे, आपल्या घरी’. गाणारे खेळाडू दूर मेक्सिकोत आहेत आणि मायदेशी बसून सामना पाहणाऱ्यांची त्यांना आठवण येते आहे, अशी कल्पना. परंतु तबकडी एप्रिल महिन्यातच, संघ निघण्यापूर्वी, विक्रीस आली होती. ज्यांना ‘तिकडचे’ म्हणावयाचे त्यांच्यातच उभे राहून हे ‘तिकडे’ उच्चारले गेले. स्थलदर्शक शब्दाचा असा पुढील काळातून केलेला प्रयोग पत्रलेखनात क्वचित आढळतो. गीतात तो विशेष परिणामकारक ठरला. मात्र त्यातील ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामध्ये एक समुद्र आहे. खुर्चीत बसलेल्या श्रोत्याला हे शब्द ऐकता येतात, स्वतःचे म्हणून उच्चारता येत नाहीत. १४ जून रोजी लेओन येथे पश्चिम जर्मनीने इंग्लंडला ३–२ असे हरविले, आणि गाण्यातील ‘तिकडे’ला अर्थ उरला नाही.

६. ‘आपण’ची गाणी

आता दुसरी बाजू पाहू. लंडनच्या चेल्सी संघाने १९७२ च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यानिमित्त ‘ब्लू इज द कलर’ हे गीत गायिले. ४ मार्च रोजी स्टोक सिटीने चेल्सीला २–१ असे हरविले. वर सांगितलेला नियम खरा मानला तर हे गाणे तेथेच संपावयास हवे होते. परंतु त्या संघाच्या मैदानावर ते आजही वाजते. कारण गाण्याचा आधार कोणा खेळाडूच्या नावावर नसून रंगावर आहे, आणि रंग अंगावर घालणाऱ्या प्रत्येकाचा असतो. कॅनडातील दोन संघांनी निळ्याच्या जागी एकाने हिरवा व दुसऱ्याने पांढरा रंग घालून हेच गीत आपलेसे केले, यावरून त्यातील ‘आपण’ची जागा किती मोकळी आहे हे दिसून येते.

त्याच वर्षी लीड्स युनायटेड संघाने तबकडी काढली. तिची पुढची बाजू विक्रीयादीत दहाव्या स्थानापर्यंत गेली व लीड्सने चषकही जिंकला. परंतु मैदानावर आज म्हटले जाते ते तबकडीच्या मागच्या बाजूचे, ‘मार्चिंग ऑन टुगेदर’ या नावाने ओळखले जाणारे गाणे. ‘एकत्र पुढे चालणे’ ही क्रिया प्रेक्षकाला वगळून सांगताच येत नाही.

टॉटनम संघाच्या १९८१ च्या गीतात हे समावेशन उलट दिशेने झालेले दिसते. अर्जेंटिनाहून आलेला ओस्वाल्डो आर्दिलेस यात एक ओळ एकटा म्हणतो व संघाचे नाव ‘टॉटिंगहॅम’ असे उच्चारतो. मूळच्या स्थानिक उच्चारात ‘टॉटनम’ यापलीकडे काही ऐकू येत नाही. दोष म्हणावा असा हा उच्चार गाण्याचे भूषण ठरला. प्रेक्षक परक्याचा उच्चार घेऊन स्वतः तसे म्हणू लागले. श्रोत्याने वक्त्याचा उच्चार उचलणे ही ‘आपण’ची सर्वांत बोलकी खूण होय.

इंग्लंडच्या संघाने १९९० साली ‘न्यू ऑर्डर’ या वाद्यवृंदाबरोबर केलेले ‘वर्ल्ड इन मोशन’ हेही याच वर्गातले. त्यात बार्न्स जो तालबद्ध उतारा म्हणतो तो श्रोत्याला उद्देशून दिलेल्या उपदेशासारखा, बराचसा द्वितीयपुरुषी आहे, त्यामुळे तो कोणीही कोणालाही म्हणू शकतो. ४ जुलै रोजी इंग्लंडचा संघ उपान्त्य सामन्यात पेनल्टीच्या फटक्यांवर हरला. गाणे मात्र हरले नाही. वेस्ट इंडीजच्या ड्वेन ब्राव्होचे २०१६ चे ‘चॅम्पियन’ हे गीतही रचनेने असेच मोकळे आहे. एकेक नाव घ्यावयाचे व त्यापुढे तोच एक शब्द जोडावयाचा. ३१ मार्च २०१६ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताला हरवून तो संघ या गाण्यावर नाचला.

७. निष्कर्ष

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिआल्डिनी व त्याचे सहकारी यांनी १९७६ साली विद्यापीठातील विद्यार्थ्यांना आपल्या फुटबॉल-संघाच्या सामन्यांविषयी विचारले असता, विजयाचे वर्णन करताना ‘वुई’ हे सर्वनाम पराभवाच्या वर्णनापेक्षा अधिक वेळा आले. हा अनुभव आपल्याला अपरिचित नाही. आपणही जिंकल्यावर “आपण जिंकलो” आणि हरल्यावर “हे लोक हरले” असेच म्हणतो. दैनंदिन भाषेतील ‘आपण’ पराभवाच्या पहिल्याच धक्क्याला कोसळतो, असा याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर चेल्सीच्या किंवा १९९० च्या इंग्लंडच्या गाण्याचे मोल कळून येते. गाण्याचे शब्द निकालापूर्वीच ठरलेले असतात. हरल्यानंतर ते म्हणणाऱ्याला सर्वनाम बदलण्याची मुभा नसते. जो ‘आपण’ बोलण्यात टिकत नाही तो गाण्यात टिकतो. तेव्हा खेळाडूंची गाणी हा हलका माल म्हणून बाजूस टाकण्याची वस्तू नव्हे. खेळाडूचा ‘आम्ही’ प्रेक्षकाच्या हाती ‘आपण’ म्हणून सोपविण्याचे ते एक साधन आहे, आणि हे सोपविणे साधले की नाही यावरच त्याचे आयुष्य अवलंबून असते. सुरावर नाही, आणि निकालावरही नाही.

आपल्याकडे या दृष्टीने सामग्री गोळा होणे आवश्यक आहे. सचिन तेंडुलकर यांनी २०१७ साली सोनू निगम यांच्यासह म्हटलेल्या हिंदी गीतात, सहा विश्वचषक-स्पर्धांत आपल्याबरोबर खेळलेल्या सहकाऱ्यांची नावे गुंफलेली आहेत. अशा ध्वनिमुद्रिका निदान जतन तरी होतात. कबड्डीच्या आणि खोखोच्या मैदानांवर, कुस्तीच्या फडांवर खेळाडू व प्रेक्षक मिळून ज्या आरोळ्या देतात, ज्या ओळी रचतात, त्या मात्र सामन्याबरोबरच विरून जातात. त्यांत ‘आम्ही’ कोठे येतो, ‘आपण’ कोठे येतो, आणि हरलेल्या संघाबरोबर गावी परतणारी मंडळी कोणते सर्वनाम वापरतात, याची नोंद वहीपेन्सिल घेऊन जाणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास करता येईल. ती करताना त्याने जिंकलेल्या बाजूपेक्षा हरलेल्या बाजूजवळ उभे राहावे, एवढीच सूचना.